वाचून दाखवल्याशिवाय नाही

खतं, बियाणं, सिमेंट विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या ‘स्कीमची टूर’ देतात. हंगामात ठरलेला माल उचलला की बँकॉक-पटाया, नाहीतर दुबई. परदेशात सुट्टीला जायचं म्हणून माझ्याकडे अर्ज भरायला सगळ्यांत आधी आले ते हे दुकानदार. मागोमाग जिल्हा परिषदेच्या शाळांतले निवृत्त गुरुजी आणि बाई जोडीनं येऊ लागले, मग नुकतं लग्न झालेली मुलं-मुली, शिरवळच्या कारखान्यांतले कामगार, आणि अलीकडे बचत गटाच्या बायका. माझं ऑनलाइन अर्जांचं केंद्र नसरापूरला आहे. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला आत वळलं की नसरापूर, तिथून मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. कापूरहोळकडून भोरची माणसंही येतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती हे रोजचं काम. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, पण दुकानात येणारे अजून ‘वेल्ह्यावरनं आलोय’ असंच सांगतात आणि त्यांच्या बहुतेक कागदांवरही वेल्हेच आहे.

पूर्वी परदेशी जायचं तर पासपोर्ट एजंटाकडे द्यायचा, तो मुंबईच्या वकिलातीत जायचा आणि आत व्हिसाचं पान चिकटून परत यायचा. परवानगी हातात धरता यायची, शेजाऱ्याला दाखवता यायची. आता बऱ्याच देशांसाठी असा कागदच राहिला नाही. श्रीलंकेनं २०१२ पासून प्रवासाची परवानगी ऑनलाइन केली. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, थायलंडनं त्याच्या आदल्याच महिन्यात केला होता. एवढी बातमी व्हॉट्सअॅपवरून केळद-पासलीपर्यंत पोचली. तिचा पुढचा भाग मात्र वाटेतच राहिला. मलेशियात उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, आणि थायलंडनंही १ मे २०२५ पासून तसंच पत्र सक्तीचं केलं. ‘व्हिसा लागत नाही’ हे ऐकून ‘काहीच लागत नाही’ असं समजून लोक बॅग भरायला लागतात.

या तीन दिवसांच्या अटीनं आमच्याकडची माणसं फार अस्वस्थ होतात. महिनाभर आधी सगळे कागद पिशवीत घालून पिशवी कपाटात ठेवायची, अशी त्यांची सवय. आधी भरून चालत नाही म्हटलं की त्यांना वाटतं, ताई काम टाळतायत. त्यात पावसाळ्यात वेल्ह्याच्या खोऱ्यात वीज गेली की टॉवरही बंद होतो. म्हणून मी एक पद्धत ठरवली आहे. आगमनपत्रात जे जे विचारतात ते सगळं आधीच बसून एका कागदावर मराठीत लिहून घ्यायचं: विमानाचा नंबर, उतरण्याची तारीख, हॉटेलचा पत्ता, कुठून विमानात बसणार ते. टूरवाला हॉटेलचं नाव शेवटपर्यंत सांगत नसेल तर त्याच्या मागे लागायचं. तो कागद तयार असला की शेवटच्या तीन दिवसांत कुठंही बसून, पुण्यात लेकाकडे असलात तरी, अर्ज भरता येतो.

देश हे सगळं आधीच का विचारतात, हे मी प्रत्येकाला सांगते. परवानगी नसलेल्या प्रवाशाला घेऊन उतरलेल्या विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परतही न्यावं लागतं, म्हणून तपासणी विमानात चढण्याआधीच होते. ऑस्ट्रेलियानं अशी इलेक्ट्रॉनिक परवानगी १९९६ मध्ये आणली, अमेरिकेनं २००९ मध्ये आपली तशीच पद्धत सक्तीची केली, पुढे कॅनडा आणि ब्रिटन आले. पण तिथं एक मोठा फरक आहे आणि तो न कळल्यानं घराघरांत गैरसमज होतात. भोरचे एक काका आले होते. त्यांचा पुतण्या लंडनला असतो. त्यानं फोनवर सांगितलं होतं, ‘मोबाइलवर दहा मिनिटांत परवानगी मिळते, काढून ठेवा.’ त्याच्या ऑफिसातल्या इतर देशांच्या सहकाऱ्यांचे पाहुणे तसेच येतात, ते त्यानं पाहिलेलं. काकांकडे भारतीय पासपोर्ट. या चारही देशांची ही झटपट परवानगी भारतीय पासपोर्टवर सहल करायला निघालेल्या माणसाला नाही. त्याला रीतसर व्हिसाच काढावा लागतो: बँकेचा हिशेब, बोटांचे ठसे, वाट पाहणं, सगळं आलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांना ते पुतण्याचं निष्काळजीपण वाटलं. मी पुतण्यालाच फोन लावायला सांगितला आणि दोघांना एकदम समजावलं. सुट्टी चार महिने पुढे गेली, पण काका-पुतण्यात अढी राहिली नाही.

परवानगीचा अर्ज भरायला दहा मिनिटं लागतात हे खरं आहे. मात्र त्याआधी पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टसाठी सगळ्या कागदांवर माणूस एकच असावा लागतो. आमच्या मुलखात खरी मेहनत इथं आहे.

जन्मतारखेचं घ्या. साठीच्या आसपासच्या माणसांचे शाळेचे दाखले मी हातात घेते तेव्हा एक जूनला जन्मलेले इतके निघतात की नव्या माणसाला आश्चर्य वाटेल. मूल शाळेत आणलं, जन्माची नोंद कुणाकडे नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू होणार, मग गुरुजींनी वय अंदाजानं धरून एक जून लिहिलं. पुढे आधार काढताना कुणी नुसतं वय सांगितलं असेल तर तिथं एक जानेवारी पडली. म्हणजे एकाच माणसाच्या दोन तारखा, आणि आईला विचारलं तर ती सांगणार, ‘नवरात्रात झाला, माळ बसली होती.’ आईचं सगळ्यांत खरं, पण अर्जात ते चालत नाही. एक कागद प्रमाण मानून बाकीचे त्याच्याशी जुळवायचे, ही कामं पासपोर्टच्या आधी उरकावी लागतात. नाहीतर विमानाचं तिकीट काढून बसलेला माणूस आधार दुरुस्तीच्या रांगेत उभा राहतो.

नावांचा घोळ त्याहून मोठा. ज्ञानेश्वर इंग्रजीत कुणी डी-एन-वाय असं लिहितं, कुणी डी-वाय, कुणी जी-वाय. सुशीला आणि सुशीलाबाई या कॉम्प्युटरच्या लेखी दोन बायका आहेत. लग्न झालेल्या मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट मात्र पत्रिकेतल्या नव्या नावानं काढलेलं. नव्या जोडप्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, तिकिटावर नाव कोणतं? पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिकिटावर आणि तेच परवानगीवर. नवं आडनाव लावायची घाई असेल तर आधी पासपोर्ट बदला, नाहीतर माहेरच्या नावानं आनंदानं फिरून या. संसार तेवढ्यानं अडत नाही. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर आणखी जपायला लागतं. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना घेणं थांबवलं, आणि दुबईला निघालेल्या कितीतरी लोकांना ते विमानतळावरच कळलं.

अर्ज भरणाऱ्या पोरांना मी पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळी वाचायला शिकवते. प्रत्येक ओळीत ४४ खुणा असतात, त्यात नाव, नंबर, जन्मतारीख, मुदत सगळं मशीनला कळेल असं लिहिलेलं असतं. वरच्या छापील नावात शंका आली तर इथं पाहायचं. भारतीय पासपोर्टच्या नंबरात सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात आकडे, म्हणून मधे गोल दिसला तर तो शून्यच असणार, ओ नाही. ही साधी गोष्ट माहीत नसल्यानं परवानगी चुकीच्या नंबरावर निघते आणि भरलेली फी परत मिळत नाही. मुदतीचंही तसंच. पासपोर्ट चालू आहे एवढ्यावर भागत नाही, बहुतेक देशांना तो प्रवेशाच्या तारखेपासून पुढे सहा महिने चालू लागतो.

फी भरायची वेळ आली की नवी अडचण. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधीपासून बंदच असतो, आपण होऊन चालू करून घ्यावा लागतो. गावाकडे ते कुणी केलेलं नसतं. मग लोक म्हणतात, ताई तुमच्या कार्डानं भरा, आम्ही रोख देतो. त्याहून वाईट म्हणजे सर्चमध्ये सगळ्यांत वर येणाऱ्या जाहिराती. थायलंड आणि मलेशियाच्या आगमनपत्राला सरकार एक पैसाही घेत नाही, पण हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट त्याच पत्राचे डॉलरमध्ये पैसे घेतात. पत्त्याचा शेवट बघायचा, हे मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे: थायलंडचा सरकारी पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’नं संपतो, मलेशियाचा ‘डॉट गव्ह डॉट एमवाय’नं, श्रीलंकेचा ‘डॉट गव्ह डॉट एलके’नं, व्हिएतनामचा ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’नं. इंग्रजी न वाचता येणारी माणसंही फोन भिंतीजवळ धरून अक्षरं जुळवून बघतात.

ईमेलचा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे साठीच्या माणसाला ईमेल नसतो. केंद्रवाले सरळ स्वतःचा टाकतात, काम लवकर होतं. पण मग त्या माणसाची परवानगी, तिचा क्रमांक, काही चूक निघाली तर तिचा निरोप, सगळं एका परक्या दुकानाच्या मेलमध्ये येऊन पडतं. दुकान रात्री बंद. माणूस मुंबईच्या विमानतळावर. मी प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल काढून देते आणि पासवर्ड त्याच्याच डायरीत त्याच्या हातानं लिहायला लावते. वेळ लागतो. गर्दीच्या दिवशी मागचे लोक कुरकुरतात. तरी हे सोडायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

आणि दुसरी गोष्ट सोडायची नाही ती म्हणजे वाचून दाखवणं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक घोषणा असते: वर दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर जबाबदारी माझी. त्या ‘माझी’मधला ‘मी’ म्हणजे समोर स्टुलावर बसलेला माणूस. अर्ज इंग्रजीत, त्याला इंग्रजी येत नाही, आणि खूण करतो केंद्रातला मुलगा. हे मला कधीच पटलं नाही. मी एकेक प्रश्न मराठीत सांगते, उत्तर ऐकते, मग लिहिते. शेवटची खूण अर्जदारानं स्वतः करायची. माउस त्याच्या हातात देते. भाताच्या चिखलात आयुष्य गेलेली बोटं असतात, बाण इकडेतिकडे पळतो, पण करतात.

याचा किती उपयोग होतो ते एका बाबांच्या अर्जावेळी दिसलं. हिर्डोशीकडचे बाबा, पासपोर्टचा अर्ज, लेकाबरोबर आलेले. तुमच्यावर कुठल्या कोर्टात फौजदारी खटला चालू आहे का, हा प्रश्न मी वाचला. लेक लगेच म्हणाला, ‘नाही टाका.’ बाबा म्हणाले, ‘आरं आहे की. भोरच्या कोर्टात बांधाची केस चाललीया.’ लेक गडबडला, मला खुणा करायला लागला. बाबांनी पिशवीतून तारखेचा कागदच काढला. मी तो नीट पाहिला. चुलतभावाशी हद्दीचा दिवाणी दावा होता, कुणी कुणाला मारल्याची, पोलिसांत गेल्याची भानगड त्यात नव्हती. प्रश्न फौजदारी खटल्याचा असल्यानं उत्तर ‘नाही’ हेच बरोबर. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात अडचण येते ती फौजदारी प्रकरण प्रलंबित असलं तर, आणि तेव्हाही कोर्टाची परवानगी आणून मार्ग निघतो. उत्तर लेकानं सांगितलं तेच राहिलं. पण आता ते बाबांचं होतं. पुढे पोलीस पडताळणीला बोलावणं आलं तेव्हा ते एकटे जाऊन आले, काही न लपवता बोलले.

आगमनपत्रात व्यवसाय विचारतात. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एक मावशी, नवऱ्याला खताच्या कंपनीची टूर लागलेली, दोघांची तिकिटं. मी विचारलं, ‘मावशी, कामधंदा काय लिहू?’

‘काय लिवणार, घरीच असते की मी.’

‘हाउसवाइफ टाका ताई,’ काका म्हणाले.

मी विचारलं, सकाळपासून काय काय करता? म्हशींची धार, डेअरीला दूध, आंबेमोहोराची लावणी, भांगलण, कापणी, दुकानात बाई-माणूस आलं तर माल देणं. मी म्हटलं, ‘मग मी शेतकरी लिहिते.’

त्या थांबल्या. ‘असं लिवता येतं व्हय?’

‘खरं आहे तेच लिहायचं असतं, मावशी.’

काकाही मान हलवून ‘बराबर हाय’ म्हणाले. शेतीत राबणाऱ्या किती बायकांच्या नावापुढे आम्ही केंद्रवाल्यांनी न विचारता ‘गृहिणी’ टाकलं असेल, याचा मला राग येतो. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नसतं. निदान त्यांच्या स्वतःच्या अर्जावर त्यांचं काम तरी असावं.

राजगडाच्या मुलखात हे काम करताना मला १६६६ सालची एक गोष्ट आठवते. आग्र्यात पहारा बसल्यावर महाराजांनी बरोबरच्या माणसांना माघारी जाण्यासाठी बादशहाकडे परवाने मागितले आणि मिळवले. आधी माणसं वाटेला लावली. स्वतः निसटून राजगडावर पोचले ते त्यानंतर. बरोबरच्या माणसाचा कागद आपल्या आधी बघायचा, हे तिथून घेण्यासारखं आहे. टूर घेऊन जाणाऱ्या आमच्या पोरांना मी हे सांगते, कारण पन्नास जणांच्या घोळक्यात दहावी न झालेले दोन-चार जण असतातच. पन्नाशीच्या आतला, दहावी न झालेला माणूस असेल तर त्याच्या पासपोर्टवर बहुतेक ईसीआर असतं. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, अमिराती धरून १८ देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारची वेगळी मंजुरी लागते. फिरायला जाताना लागत नाही, पण विमानतळावरचा अधिकारी चार प्रश्न जास्त विचारतो. त्यावेळी परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद त्याच्या स्वतःच्या खिशात हवा, टूर मॅनेजरच्या बॅगेत नव्हे. हेही सांगावं लागतं की ऑनलाइन परवानगी म्हणजे विमानात बसण्याची मुभा, पलीकडे आत घ्यायचं की नाही ते तिथला अधिकारी समोर बघून ठरवतो.

परवानगी उलट दिशेनंही लागते. पासलीच्या बाजूच्या एक आजी आल्या, मुलाचा मेसेज दाखवायला. मुलगा-सून ब्रिटनमध्ये, नातवाचा पासपोर्ट तिकडचा, आणि तो सुट्टीत गावी येणार. त्याला भारताचा ई-व्हिसा हवा. आपल्या देशानं ही ऑनलाइन सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली. आजींना कळेना. ‘माझ्या नातवाला माझ्या घरी यायला कुणाची परवानगी काढायची?’ मी अर्ज उघडून दाखवला. त्यात भारतातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन विचारतात. मुलाला तेवढाच पत्ता नीट हवा होता. मी म्हटलं, ‘आजी, इथं तुमचं नाव येणार. सरकार विचारतंय, इकडे याचं कोण आहे?’ आजींनी पत्ता सांगितला: घर नंबर, वाडी, पोस्ट. तालुका काय घालायचा यावर आम्ही दोघी जरा अडलो, मग आधारवर आहे तसंच वेल्हे लिहिलं. नातू शाळेत जाणारा, वारंवार येणार असेल तर ओसीआय कार्ड काढा, दर वेळी व्हिसा नको, हेही मुलाला कळवलं.

माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं चलाख असतात. त्यांची टायपिंगची गती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना माझं वाचून दाखवणं सुरुवातीला संथ वाटतं. मी त्यांना एकदा तरी एखाद्या आजींजवळ बसवून पूर्ण अर्ज मराठीत सांगायला लावते. ‘मूळ वास्तव्याचा देश’ नाही म्हणायचं, ‘तुम्ही राहता कुठं’ असं विचारायचं. ‘गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या देशांत गेलात’ या प्रश्नावर आजी हसतात, वेल्ह्याच्या बाजारापलीकडं गेलेल्या नसतात. हसू द्यायचं. पण प्रश्न गाळायचा नाही.

यंदा भातं झोडून झाली की विंझरकडच्या एका बचत गटाच्या बायका व्हिएतनामला जायचं म्हणतायत. पैसे त्यांनी दूध आणि पापडाच्या कामातून बाजूला टाकले आहेत. पासपोर्ट अजून एकीकडेही नाही. मी त्यांना शाळेचा दाखला, आधार, पॅन आणि लग्नाचा दाखला घेऊन एकदमच बोलावलं आहे. हॉटेल आणि विमानाचं नंतर बघू. कुणाची तारीख जुळत नाही, कुणाच्या नावात बाई आहे आणि कुणाच्या नाही, ती यादी आधी करायची आहे.